अपाय

शेठ म्हणाले, बोर्ड सकाळी सातला हवेत,
साडेदहाला इन्स्पेक्टर मॅडम यायच्यात.
सहा पत्रे, दीड बाय दोन, पिवळ्यावर काळं.
कवटी मला डोळे मिटून येते.
उद्यमबागेत तीस वर्षं काढतोय :
डीपीवर, डिझेलच्या टाकीवर,
खाणवाल्याच्या जिलेटिनच्या खोलीवर.
दात मात्र अजून कुठल्याच कवटीला नीट जमले नाहीत.

मॅनेजर चिकोर्डेंनी नियम वाचून दाखवला :
बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत.
म्हटलं, बहुसंख्य कोण वो?
त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं.
सात मच्छे-पिरनवाडीचे, घरात मराठी.
सहा बैलहोंगलकडचे, कन्नड.
आठ पोरं बिहारची, पत्र्याखालीच झोपतात.
आणि एक भरमाणी. त्याला कुठलंच अक्षर येत नाही
आणि हौदावर तोच असतो.
दोनदा मोजलं.
बहुसंख्य सापडेना.

मग कन्नडमध्ये लिहिलं : अपाय.
त्यांच्यात अपाय म्हणजे पुढं होऊ शकेल ते.
आमच्यात, होऊन गेलेलं.
ब्रश तोच, अक्षरं तेवढी गोल.

मराठीत लिहिलं : धोका.
रंग ओला होता तोवर लालबाबू आला,
अक्षर अक्षर लावून वाचलं, हसला :
धोखा? किसने दिया, चाचा?

मी काही बोललो नाही.
हौदाच्या खोलीत सायनाइडचं मीठ असतं,
पांढरं, खडीसाखर फोडून ठेवावी तसं.
त्याच फळीखाली ॲसिडचे कॅन,
शेडमध्ये दुसरी जागा नाही म्हणून.
दोघं भेटले तर जो वायू सुटतो
त्याला कडू बदामाचा वास असतो म्हणे,
काहींच्या नाकाला तोही येत नाही.
भरमाणी म्हणाला, मला कशाचाच येत नाही आता,
आणि बदाम खाल्लेत कुणी?

सकाळी बोर्ड लागले.
दोन गेटवर, एक ऑफिसात, एक सायकल स्टँडला,
दोन संडासाच्या वाटेवर.
हौदाच्या दाराला खिळा बसेना, भिंत ओली.
कॅन रात्रीच टेम्पोत चढले होते,
अनगोळच्या एका बोळात उभे, ताडपत्री ओढून.
टेम्पोच्या चाकाला टेकवून
पोरांनी स्टंप लावले होते,
हे मी येताना पाहिलं
आणि सायकल जरा जोरात मारली.

हिरेमठ मॅडमनी बोर्डांचे फोटो काढले.
शेठनी शहाळं पुढं केलं, त्यांनी नको म्हटलं.
मग हौदाच्या खोलीत गेल्या, ओढणी नाकाला लावून,
आणि फळीखाली वाकल्या.
फरशीवर गोल डाग होते. सात.
त्यातल्या एकावर बोट ठेवून म्हणाल्या,
इल्लि एनित्तु?

इथं काय होतं.
एवढं कन्नड सगळ्यांना कळलं,
दरभंग्याच्या पोरांनासुद्धा.
बहुसंख्य सापडले होते,
एका रांगेत, माना खाली.
मीही त्यात होतो.
माझं अठराशेचं बिल यायचं होतं.

ॲसिड, भरमाणी म्हणाला.

ना मराठीत, ना कन्नडमध्ये.
तो शब्द सगळीकडे तेवढाच आहे.

शेड अकरा दिवस बंद राहिली.
आता कॅन मागच्या बाजूला, वेगळ्या पत्र्यात, कुलपात,
किल्ली चिकोर्डेंच्या कमरेला.
भरमाणी येळ्ळूरला, भावाच्या रताळ्यांत.
शेठनी बोलावलं नाही, त्यानं विचारलं नाही.

बिल अजून यायचंय.
काळा रंग पाव डबा उरला होता,
एका रविवारी जाऊन वाळलेल्या दारावर
कवटी काढून आलो, आतल्या अंगानं,
वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर.
अक्षर एकही नाही.
दात या वेळी बरे आले.